धुरीवरची जागा

गेल्या दोन वर्षांत मी कुणाला शाब्बास म्हणालेलो नाही. आधीही फारसा म्हणत नव्हतो. माझ्याकडे शिकायला येणारे म्हणायचे, सरांच्या तोंडून शाब्बास म्हणजे उंबराचं फूल. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. शिकवणाऱ्यानं कडक असावं असं माझं मत होतं. पण ज्या एका माणसाला मी मनापासून, भर वर्गात शाब्बास म्हणालो, ते माणूस माझ्या वर्गात नव्हतंच. ते दाराबाहेर पायरीवर बसलं होतं. ती बाई आज नाही, आणि ती नाही याला माझा तो शब्द कारण आहे. हे मी एकदाच कागदावर लिहून दिलं. कागदाचं काय, त्यावर शिक्का बसतो आणि तो फायलीत जातो.

फोर्कलिफ्ट चालवायला शिकवणं हे माझं काम. गोदामात, मिलमध्ये जड माल उचलणारी ती गाडी. पुढं दोन लांब लोखंडी दाते, त्यांच्यावर माल घ्यायचा, आणि मागच्या बाजूला ओतीव लोखंडाचं भलंमोठं वजन, पुढच्या मालाला तोलून धरायला. पुण्याकडच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं ती चालवली. कंबरेनं दगा दिला तेव्हा बीडला परत आलो आणि गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये सेंटर सुरू केलं. एक जुनी मशीन, पंचवीसेक टाकाऊ टायर, एक फळा आणि माझा आवाज, एवढंच भांडवल. ट्रेनिंग तीन दिवसांचं. पहिला दिवस फळ्यासमोर, दुसरा मशीनवर, तिसऱ्या दिवशी परीक्षा. पास झाला तर फोटो लावलेलं सर्टिफिकेट, नाही झाला तर पुन्हा पहिला दिवस. मी नापास केलेले लोक अजून मला बाजारात गाठून टोमणे मारतात, आणि मला त्याचाही अभिमान होता. मशीन हातात देणं म्हणजे दुसऱ्याचा जीव हातात देणं, असं मी पहिल्याच तासाला सांगायचो. सांगायला काय जातं.

जूनच्या अखेरीस ती आली. नवऱ्याला पुढं घालून आली. चालत होती त्याच्या मागं, पण हाकत तीच होती.

"ह्येंचं नाव लिवा सर," ती म्हणाली.

"ह्यांना बोलता येतं का?" मी विचारलं.

"येतं. पर लागत न्हाई."

नवरा हसला. उंच, हडकुळा माणूस, हाताला कोयत्याचे घट्टे. हसतानासुद्धा बायकोकडे बघून हसला, म्हणजे हसायचं ना, असं विचारल्यासारखं.

दोघं वडवणीजवळच्या खेड्यातली. लग्न झाल्यापासून बारा वर्षं ऊसतोडीला जात होती. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि एकटं माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. दिवाळी झाली की ही जोडी बैलगाडी जुंपून कारखान्याकडे निघायची ती उन्हाळ्यातच परत यायची. दोघांनी ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडीत भरायचा आणि कारखान्यावर नेऊन टाकायचा. एकुलती मुलगी बरोबर जायची आणि दर वर्षी तिची अर्धी शाळा बुडायची. आता ती सातवीत गेली होती आणि आईनं ठरवलं होतं.

"औंदा कारखान्याला जायचं न्हाई," ती म्हणाली. "जिनिंग मिलवाले म्हणालेत, सर्टिफिकेट घेऊन ये, मशीनवर ठिवतो. मी बी तिथंच कापूस लोटायला जाणार हाय. पोरगी घरून शाळंत जाईल. तवा नापास करू नका ह्येंना."

"नापास मी करत नाही ताई. जो तो आपापला होतो."

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "बायांना शिकवता का?"

मी हसलो. "आधी ह्याला तर शिकू दे."

"बरं," ती म्हणाली आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. नवरा मधेच पळून जाईल म्हणून राखण बसलीय, अशी मी वर्गात तिची चेष्टा केली. त्या दिवशी मी तिचं नाव लिहून घेतलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. शिकायला येणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती, एवढंच माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते उत्तर नव्हे.

पहिल्या दिवशी अकरा जण होते. मी फळ्यावर मशीन काढली, बाण काढले, वजनाचा मध्य कुठं असतो, माल दात्यांच्या टोकाकडे गेला की काय होतं, सगळं सांगितलं. पुण्याला आम्हाला इंजिनियर शिकवायचे तसंच सांगितलं. कळलं का, म्हणून विचारलं की अकराही जण नंदीबैलासारख्या माना हलवायचे, आणि उलट प्रश्न केला की जमिनीकडे बघायचे. तिचा नवरा तर वहीत मशीनचं चित्रच काढत बसला होता, तेही चांगलं. माझा पारा चढला. खडू भिंतीवर फेकून मी विचारलं, "तुमच्यात बैलगाडी हाकलेले किती जण आहेत?"

सात हात वर झाले.

"ऊस मागं जास्त भरला गेला तर गाडीचं काय होतं?"

"उलाळ होती," दोघंतिघं एकदम म्हणाले. यावर कुणाला विचार करावा लागला नाही. गाडी मागून जड झाली की पुढची धूर, म्हणजे बैलांच्या मानेकडचं गाडीचं टोक, वर उचललं जातं. बैलांच्या गळ्याला फास बसतो. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"मग काय करता?"

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. कुणी म्हणालं, माल पुन्हा भरतो, पण तो मला बरं वाटावं म्हणून बोलला. भरलेला ऊस कोण उतरवतो. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी बसते की धुरीवर."

वर्ग हसला. मी हसलो नाही. मी दारापाशी गेलो आणि तिला विचारलं, "आणि तू बसूनही उलाळच राहिली तर?"

"तर म्होरं सरकायचं," ती म्हणाली. तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. "जितकं म्होरं सरकावं तितकं आपलं वजन वाढतंय. लई उलाळ आसली तर पार टोकाला जाऊन बसते, जूपाशी. आमच्या गाडीला कवा धुरीला दगूड बांधावा लागला न्हाई."

अठरा वर्षं मी ते सूत्र पाठ म्हणत होतो आणि या बाईनं ते बारा वर्षं आपल्या अंगानं केलं होतं. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. माझं शिकवणं फुकट जात नव्हतं, भाषा तेवढी चुकत होती.

"शाब्बास," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. "वर्गात अकरा बसलेत आणि कळलं ते पायरीवर बसलेल्या बाईला. नीट ऐका रे. ही मशीन म्हणजे उलटी बैलगाडी. गाडी मागून जड झाली की पुढून उठते, मशीन पुढून जड झाली की मागून उठते. बाकी शास्त्र एकच."

मग मी फळ्यावर मशीनच्या शेजारी बैलगाडी काढली. धुरीवर बसलेली बाईसुद्धा काढली, डोक्यावर पदर घेतलेली. पोरांनी टाळ्या पिटल्या. तिचा नवरा कानापर्यंत लाल झाला होता आणि त्याची छाती फुगली होती. ती पायरीवर तोंडाला पदर लावून हसत होती. बाण आणि मध्यबिंदू सगळ्यांना एका फटक्यात कळले, नवऱ्यालाही कळले. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

मशीनवर दुसरं माणूस चढवायचं नाही, कुठल्याही कारणानं नाही, मागची चाकं हलकी वाटली तर माल खाली ठेवायचा आणि कमी करून उचलायचा, हे मी जेवण झाल्यावर सांगितलं. पुस्तिकेत तो नियम आहे, मी तो दोनदा वाचून घेतला. पण दुपारी पायरीवर ऊन आलं होतं. ती शेडच्या पलीकडे लिंबाखाली जाऊन आडवी झाली होती. पाणी प्यायला बाहेर आलो तेव्हा मी तिला तिथं झोपलेली पाहिलं. तिनं आणलेल्या भाकरीतली अर्धी मीच खाल्ली होती, म्हणून हे सगळं चांगलं लक्षात आहे. गाडीचं उदाहरण गाडीपुरतंच, फळ्यावरची ती बाई मशीनवर बसली तर मरेल, हे वाक्य मी वर्गालाही बोललो नाही. नियम वेगळा सांगितला आणि चित्र वेगळं राहिलं. ते चित्र तीनही दिवस फळ्यावर होतं. चांगलं जमलं होतं म्हणून मी पुसलं नाही.

तिसऱ्या दिवशी नवरा पास झाला. टायरांच्या मधून त्याची मशीन अशी निघाली की एकाही टायरला धक्का नाही. बैल सांभाळलेला माणूस, त्याला घाई नव्हती. लेखी पेपरात जास्त वजन झाल्यास काय करावे या प्रश्नाला त्यानं बरोबर उत्तरावर खूण केली होती. सर्टिफिकेट मी त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या हातातून ते लगेच तिच्या हातात गेलं.

"फोटूत डोळे कावून मिटलेत?" तिनं त्याला विचारलं.

"सर वरडत व्हते."

तिनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी पदराआड घेतली आणि दोघं काळी-पिवळीत बसून गेली. जाताना तिनं मला नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, मी समद्या गावाला सांगणार हाय तुमी माला शाब्बास म्हणलं ते. शाळंत कवा कुनी म्हणलं न्हाई. शाळाच दोन वर्सं झाली माझी."

मी त्या वेळी हात हलवून तिला वाटेला लावलं.

दसऱ्यानंतर तो मिलमध्ये लागला, तीही लागली. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, तिचा फोन आला. "सर, समदं गाव गेलं. गल्लीत कुत्रं न्हाई. आमी मातर घरी हाव." पोरगी शाळेत जात होती. बैल त्यांनी चुलतदिराच्या हवाली केले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा आपल्या घरातली थंडी बघतेय, असं काहीतरी ती म्हणाली आणि हसली. मला फार बरं वाटलं. माझ्या हातून एक कोयता सुटला, असं मी घरी बायकोला सांगितलं.

डिसेंबर लागला आणि मिलमध्ये अपघात झाला.

झालं ते मला मागून कळलं, आणि नवऱ्याकडून कळलं ते सगळ्यात शेवटी. एरवी तो एका खेपेला कापसाच्या दोन गाठी उचलायचा. त्या दिवशी ट्रक भरायची घाई होती. सुपरवायझर म्हणाला चार घे. त्यानं नाही म्हणायला हवं होतं. मी शिकवलं होतं नाही म्हणायला, पण नवीन नोकरीत नाही म्हणायला शिकवून येत नाही. चार गाठी उचलल्या तशी मागची चाकं जमिनीवरून सुटली. ती तिथंच कापूस लोटत होती. तिनं बघितलं आणि बारा वर्षं जे केलं ते केलं. पळत येऊन मशीनच्या मागं चढून बसली. शेपूट खाली आलं, पण पुरतं टेकलं नाही. मग ती मागं सरकली, अगदी कडेला. मशीन पाच-सहा हात गेली असेल. पुढचं चाक नालीच्या झाकणावरून गेलं, धक्का बसला आणि वरच्या गाठी घसरून पडल्या. पुढचं वजन एकदम गेलं, मागची बाजू खाली आदळली, ती खाली फेकली गेली आणि मशीन तिच्या अंगावर मागं आली. जवळच्या दवाखान्यातून तिला अंबाजोगाईला हलवलं. वाटेतच ती गेली.

तिसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या साहेबांनी मला मिलमध्ये बोलावून घेतलं. टेबलावर नवऱ्याचं सर्टिफिकेट होतं, माझ्या सहीचं, डोळे मिटलेल्या फोटोचं. माझ्या पुस्तिका, हजेरीचे कागद, त्याचा पेपर त्यांनी तपासला. सगळं व्यवस्थित होतं. मग त्यांनी विचारलं, "मयत महिलेला तुमच्याकडून काही ट्रेनिंग मिळालं होतं का?"

मी हजेरीच्या कागदाकडे बघितलं. त्यावर अकरा नावं होती.

"नाही," मी म्हणालो.

"तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं, सदर महिला प्रशिक्षणार्थी नव्हती. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशीही चांगलंच आलं. घरी येताना मी स्वतःला समजावत होतो की विचारलं तेवढंच सांगावं, उगाच बोलून कुणाचं भलं होणार आहे. खोटं बोलणाऱ्याला कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपोआप दाराशी येऊन उभी राहतात.

तिच्या पुण्यानुमोदनाला मी गेलो. आम्हीही त्यांच्यासारखे बौद्ध, तो कार्यक्रम मला नवा नव्हता. अंगणात मांडव, पांढरी कापडं, मेणबत्त्या, तिचा फोटो. लग्नातल्या फोटोतून तिला कापून मोठी केली होती, म्हणून खांद्यावर नवऱ्याच्या बाहीचा तुकडा दिसत होता. गाव सगळं कारखान्यावर, त्यामुळे मांडवात म्हातारी माणसं आणि पाहुणे एवढेच. उपासकांनी पंचशील घेतलं, आम्ही मागून म्हणत गेलो. लहानपणापासून म्हणत आलोय, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझी जीभ अडली. पुढचे लोक पुढं गेले. मी तसाच ओठ हलवत बसलो.

निघताना नवरा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "मला तुझ्याशी बोलायचंय." पण बोललो नाही. तोच बोलला.

"मी बघितलं व्हतं तिला चढताना," तो म्हणाला. "मी वरडलो, उतर म्हणलं खाली, माणूस चढवायचं नसतंय. तर ती म्हणली, तुमाला काय कळतंय, सरांनी माला शाब्बास म्हणलंय. आन म्हागं सरकली."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"तुमचं नाव मी कुठं घेतलं न्हाई सर," तो पुढं म्हणाला. "मीच बस म्हणलं तिला, असं सांगितलं सायबाला. तुमचं नाव आलं आसतं तर सेंटर बंद पडलं आसतं. आमच्या गावचे आजून चार जण यायचेत तुमच्याकडं. तिनंच तयार केलेत."

म्हणून त्याचं सर्टिफिकेट रद्द झालं होतं. ऑपरेटरनं जाणूनबुजून माणूस चढवला, असं चौकशीत लिहिलं गेलं होतं आणि मिलनं त्याला काढून टाकलं होतं. तो मला वाचवायला खोटं बोलला आणि मी मलाच वाचवायला. त्याच्या खोट्यापायी त्याची भाकरी गेली. मी माझी मोटरसायकल सुरू केली.

तू असं का केलंस, असंसुद्धा मी त्याला विचारलं नाही. चूक माझी होती, हे तर नाहीच. त्याच्या तोंडावर राग असता तर बोलता आलं असतं. माझं अर्धं आयुष्य वसावसा अंगावर जाण्यात गेलंय, अंगावर येणाऱ्याशी कसं बोलायचं ते मला येतं. हा माणूस माझी काळजी करत होता.

मी ठरवलं की जायचं आणि खरं ते लिहून द्यायचं. मी तसं लिहून दिलं तर त्याचं सर्टिफिकेट परत मिळू शकत होतं. त्यानं तिला उतर म्हटलं होतं. नियम त्यानं पाळला होता, मोडला तो मी शिकवलेल्या बाईनं, मी शिकवलेलं बरोबर करून. एवढं साधं होतं. आज जातो, उद्या जातो करत मी सहा आठवडे काढले. एकदा गेलो तर साहेब दौऱ्यावर होते, आणि मला हायसं वाटलं. ती लाज मला अजून आहे. त्या सहा आठवड्यांत मी दोन बॅच घेतल्या आणि फळ्यावर फक्त बाण काढले.

संक्रांत झाल्यावर गेलो. जे घडलं ते सगळं लिहिलं, पायरी, भाकरी, शाब्बास, फळ्यावरचं चित्र. साहेबांनी दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे तेव्हाच सांगायचं होतं." मग शिक्का मारून घेतला. पुढं काय होतं ते कळवू म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

तिथून मी सरळ वडवणीकडे निघालो, त्याला सांगायला. घराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, पोरगी मावशीकडे आष्टीला, आणि तो गेला कारखान्याला, चार दिस झाले. टोळीतलं एक माणूस आजारी पडून परत आलं होतं, त्याच्या जागी मुकादमानं ह्याला नेलं. अर्धा कोयता म्हणून.

मी त्याच्या ओट्यावर बसून फोन लावला. दुपारची वेळ होती. मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी त्याला सगळं सांगितलं. माझं चुकलं, म्हणालो. कागद दिलाय, तुझं सर्टिफिकेट परत मिळेल, सोडून ये, म्हणालो. तो ऐकत होता. मधेच बैलांना काहीतरी म्हणाला.

"मिळालं तर बघू सर," तो म्हणाला. "तुमी जिवाला लावून घिऊ नका. तिला तुमचा राग न्हाई."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काम काय करतोस तिथं?"

"दुसरी जोडी तोडती, मी गाडी हाकतो. एकलाच आसतो गाडीवर."

आणि मग, विचारायचं नव्हतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. शिकवायची सवय, दुसरं काय.

"गाडी उलाळ झाली तर काय करतोस?"

त्यानं बैल थांबवले.

"धुरीला दगूड बांधतो," तो म्हणाला. "तिच्यापरास लई जड लागतो सर. दगडाला म्होरं सरकता येत न्हाई."